छत्रीच्या जागी अँटेना

सकाळी नऊ वाजता खाणीच्या तळातून आवाज आला तो असा: "खर्र... ऊ... खर्र... का?"

एवढंच. मुकादम खाली उभा राहून घसा फोडत होता आणि वर खाणमालक भाऊंच्या हातातल्या नव्या वॉकीटॉकीतून कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज येत होता.

"काय म्हणाला?" भाऊंनी विचारलं.

"शिव्या देत असणार," क्रेनच्या केबिनमधून कप्तान म्हणाला. क्रेन चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत, कारण तो कुणाचंच ऐकत नसे.

भाऊंना हसू आलं नाही. दुपारी दोनला सुरक्षा खात्याचे साहेब येणार होते. तळ आणि क्रेन यांच्यात रेडिओवर नीट बोलणं झालं, तर खाण उघडणार. नाही झालं, तर तळाला घातलेलं कुलूप कायमचं. चांगला दगड होता तो सगळा तळातच. चाळीस माणसं दोन महिने आज ना उद्या करत थांबली होती. आता त्यांचाही धीर सुटत चालला होता.

खाण विहिरीसारखी होती, खोल आणि उभ्या कड्यांची. दगडाचे चिरे खाली कापायचे आणि काठावरच्या क्रेनने वर ओढायचे. कप्तानला खालचं काही दिसत नसे आणि खालच्यांना कप्तान दिसत नसे. म्हणून वीस वर्षं भाऊंची बायको पूर्वेच्या कोपऱ्यावर दोन निशाणं घेऊन उभी राहायची. लाल म्हणजे थांब. हिरवं म्हणजे उचल. तिचं हिरवं वर गेल्याशिवाय कप्तान दांड्याला हात लावत नसे. दुसऱ्या कुणाचं ऐकत नसला तरी तिचं ऐके.

पावसाळ्याआधी ती गेली. आठ दिवस ताप होता, एवढंच. त्यानंतर निशाणं दुसऱ्याच्या हातात दिली, पण त्या माणसाची नजर तिच्यासारखी नव्हती. एक चिरा झुलला आणि शिडीचा चुराडा झाला. शिडीवर त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तळ बंद केला. रेडिओ बसवा, तोही रीतसर परवान्याचा, मग बघू, असं सांगून ते गेले.

परवान्याचा अर्ज तिनेच करून ठेवला होता, आजारी पडण्याच्या कितीतरी आधी. "माझे गुडघे काय जन्मभर पुरणार आहेत?" असं म्हणाली होती. ती गेल्यावर महिनाभराने परवाना टपालाने आला. भाऊंनी पाकीट मुलीकडे दिलं. मुलीने ते अर्जाच्या फाईलला लावलं. फाईलवर बायकोचं अक्षर होतं. ती फाईल त्यांनी उघडलीच नाही.

रेडिओ बसवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "परवाना बघू द्या. अँटेना कुठे लावायची?"

"परवाना आहे हो, फाईलमध्ये आहे. अँटेना लावा त्या पाण्याच्या टाकीवर. तिच्याहून उंच इथं काही नाही."

रेडिओवाल्या ताईंनी दोन दिवस खपून टाकीवर अँटेना चढवली. खाली टाकीच्या खोलीत रिपीटर ठेवला.

"हे रिपीटर म्हणजे नेमकं काय?" मुकादमाने विचारलं होतं.

"मधला माणूस. खालचं ऐकतो आणि वर सांगतो. वरचं ऐकतो, खाली सांगतो."

"म्हणजे आमच्या वहिनी," मुकादम म्हणाला आणि मग भाऊंकडे बघून त्याने जीभ चावली.

आता ताई टाकीच्या शिडीवरून उतरून आल्या. घामाघूम झाल्या होत्या. "अँटेनात दोष नाही. टाकी उंच आहे, पण मध्ये कड्याचा खांदा येतो. तळाशी पोचतच नाही. टाकीवरून तळ दिसतो का कधी?"

"नाही."

"मग रेडिओलाही दिसत नाही. निदान परवाना तरी दाखवा. दोनदा मागितला मी."

भाऊ ऑफिसात गेले. मुलगी टेबलाशी बसली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिने काही न विचारता कपाट उघडलं.

"मी वाचू, बाबा?"

"नको. दे इकडे."

फाईल उघडली. आधी परवाना, त्याच्यामागे अर्जाची प्रत. बायकोचं अक्षर तसंच होतं, उजवीकडे झुकलेलं, ओळ सोडून वर चढणारं. 'अँटेनाची जागा' या रकान्यात तिने लिहिलं होतं: पूर्व कोपरा, निशाणाचा ओटा. सोबत तिने हाताने काढलेला नकाशा होता. त्यावर लाल ठिपका आणि ठिपक्यापासून दोन रेघा, एक क्रेनकडे, एक तळाकडे. परवान्यातही तीच जागा छापून आली होती.

भाऊ खुर्चीत बसले. मग लगेच उठले.

"काय झालं, बाबा?"

"तुझी आई सांगून गेली होती. मीच गाढव. बघितलं नाही."

ताईंनी नकाशा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, परवान्यात जागा ठरवून दिलेली असते! टाकीवर आवाज खणखणीत आला असता, तरी साहेबांनी अँटेना उतरवायलाच लावली असती. चला, किती वाजले?"

"दहा."

"खांब रोवायला सिमेंट लागेल. ते आज सुकणार नाही."

हे ऐकून खालून धापा टाकत वर आलेला मुकादम पुढे झाला. "सिमेंट कशाला? वहिनींच्या छत्रीची नळी आहे की तिथं. मीच दगडात हातभर भोक पाडून लोखंडी नळी ठोकून दिली होती. वादळात छत्री उडाली, पण नळी हलली नाही."

बायको गेल्यापासून भाऊ त्या कोपऱ्यावर गेले नव्हते. आता सगळ्यांच्या पुढे तेच चालत होते. ओट्यावर वाळलेली पानं साचली होती. नळी जागच्या जागी होती, तोंडावर तिने चिंधी कोंबलेली, पाणी जाऊ नये म्हणून. भाऊंनी चिंधी काढली आणि खिशात घातली.

पुढचे तीन तास कुणी बसलं नाही. चौघांनी टाकीवरून अँटेनाचा खांब उतरवला. खांब नळीत बसला, पण सैल. मुकादमाने पत्र्याच्या पाचरी ठोकल्या आणि तीन बाजूंनी तारा ताणून खडकातल्या हुकांना आवळल्या. क्रेनच्या शेडमधून वीज ओढली. रिपीटर पेटीत घालून ओट्याच्या आडोशाला ठेवला. ताई ओरडत होत्या, "आधी अर्थिंग! मग बाकीचं!" कप्तानही केबिन सोडून आला आणि त्याने चक्क सांगितलेलं काम केलं. लोकांना हे अँटेनापेक्षा नवलाचं वाटलं.

"बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला," ताई सगळ्यांना बजावत होत्या. "नाहीतर पहिला शब्द कापला जातो."

बरोबर दोनला साहेब आले. परवाना वाचला, नकाशा बघितला, खांबाला धरून हलवला. मग वॉकीटॉकी घेऊन स्वतः तळात उतरले; मुकादम आणि चाळीस माणसंही त्यांच्या मागोमाग गेली. साहेब उतरून तिथेच थांबले नाहीत. सगळ्यात वाईट जागा शोधून कड्याच्या पोटाखाली, कापलेल्या चिऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. वर भाऊंनी वॉकीटॉकी कानाशी धरली.

"क्रेन, मी तळातून बोलतोय. ऐकू येतंय?"

कप्तानने बटण दाबलं आणि एक श्वास थांबला.

"स्पष्ट, साहेब. जेवणात लसूण होता तोही कळतोय. ओव्हर."

तळात चाळीस माणसं एकदम ओरडली. तो ओरडाही वॉकीटॉकीतून लख्ख वर आला. साहेबांनी आणखी पाच जागा बदलून बघितल्या. मग वर आले, ओट्यावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, "ही जागा कुणी शोधली? अशी जागा सापडायला आमच्या माणसांना यंत्रं लावून दोन दिवस लागतात."

"बायकोने," भाऊ म्हणाले. "वीस वर्षं लागली तिला."

साहेबांनी एकदा खांबाकडे आणि एकदा भाऊंकडे बघितलं. "मग चिरा उचला की. बघूनच जातो."

खाली मुकादमाने साखळ्या अडकवल्या, माणसं बाजूला केली. रेडिओवर त्याचा आवाज आला, "तळ मोकळा. साखळी पक्की."

"क्रेन तयार," कप्तान म्हणाला.

पण चिरा हलेना. कप्तान दांड्यावर हात न ठेवता बसून राहिला. भाऊंना आधी कळलं नाही, मग कळलं. ओट्यावरून हिरवं आल्याशिवाय या खाणीत चिरा उचलत नाहीत.

"भाऊ," रेडिओतून कप्तान हळू म्हणाला, "ओट्यावर तुम्ही आहात."

ओट्यावरून कप्तानची केबिन दिसत होती आणि तळातल्या मुकादमाची टोपीही दिसत होती. दोन्ही एका नजरेत. भाऊंनी बटण दाबलं. एक श्वास थांबले. तो जरा लांबला.

"हिरवं," ते म्हणाले.

दोर ताणला. खोलीएवढा चिरा तळापासून सुटला, जराही न झुलता सरळ वर आला आणि कडेवरून पाणी निथळत उन्हात आला. माणसं टोप्या उडवत होती. मुलगी ऑफिसच्या दारातून पळत येत होती. मुकादम खालून विचारत होता, "पुढचा बांधू का, भाऊ?"

"बांध की," भाऊ म्हणाले. "मी इथंच आहे."