वहिनीचे डोळे

मित्रांनो, खाडीच्या चिखलात एका कुशीवर कललेली जी जुनी मासेमारी बोट तुम्हाला दिसते, ती मी. माझ्या अंगावर कालवे वाढली आहेत. माझे इंजीन काढून नेले आहे. तरी भरतीचे पाणी पोटात शिरले की इंजिनाच्या खोलीकडे जाणाऱ्या शिडीवर पावले वाजतात. मी घाबरत नाही. ती पावले माझ्या ओळखीची आहेत.

माझा जन्म चीनच्या फूच्येन किनाऱ्यावर झाला. सुताराने कापराच्या लाकडाचा कणा घातला, फळ्या सांधल्या, आणि सगळ्यात शेवटी माझे डोळे बसवले. आमच्याकडे डोळे बसेपर्यंत बोट म्हणजे नुसते लाकूड. सरकारी बोटीचे डोळे वर पाहतात, मालवाहू बोटीचे समोर, आणि मासेमारीच्या बोटीचे खाली, पाण्यात. माझी बुबुळे खाली लावली, त्यांवर लाल कापड बांधले, आणि पाण्यात लोटताना ते ओढून काढले. मला पहिल्यांदा दिसला तो समुद्राचा तळ. काय आनंद झाला होता मला!

माझा तांडेल, म्हणजे कप्तान, चुआंग बाओशान. त्याने लग्न केले नाही. इंजीन सांभाळणारा त्याचा धाकटा भाऊ हाययुंग सगळ्या बंदराला सांगत फिरे, "दादाचं लग्न हिच्याशीच लागलंय. ही माझी वहिनी!" इंजीन कुरकुरले की म्हणे, "वहिनी आज रागावल्यात. दादा, काय बोललास त्यांना?"

हाययुंगचे लग्न झाले तेव्हा त्याने नव्या नवरीला, सूछिंगला, माझ्यासमोर उदबत्ती लावायला आणले. पोरगी तोंडाची तिखट. उदबत्ती लावून मला म्हणाली, "जाऊबाई, ह्यांना वेळेवर घरी पाठवत जा. नाही पाठवलंत तर भांडण तुमच्याशी." सगळे खलाशी खो खो हसले. मी मात्र ते मनावर घेतले.

समुद्रावरून परतलेल्या माणसाला आमच्याकडे दोन उकडलेली अंडी घातलेल्या बारीक शेवया वाढतात. सूछिंगचा अंदाज कधी चुकत नसे. माझ्यावर एक पेटी होती. मी कुठे आहे ते ती सांगत असे, आणि सूछिंगच्या फोनमधल्या नकाशावर मी ठिपका होऊन सरकत असे. ठिपका दीपगृहाशी आला की ती आधण ठेवी. हाययुंग दारात पोचेपर्यंत वाटीतून वाफ निघत असायची. गावातल्या सगळ्या बायका असेच करत.

मग एका वर्षी सरकारचे बोलावणे आले. नुसते माणसांना नव्हे, मलाही. माझ्या तोंडावर पोलादी पत्रे ठोकले. खलाशांना एकसारखे कपडे आले आणि वाळूवर कवायत सुरू झाली. माझी जाळी उतरवून धक्क्यावर टाकली. हुकूम देणारे सरकारी कचेरीतले लुओ साहेब वयाने लहान, बोलायला गोड.

हाययुंगने त्यांना विचारले, "जाळ्याशिवाय जायचं? मग मासे काय हाका मारून बोलवायचे?"

"मासे नकोत. परक्यांच्या गस्ती बोटी येतात त्या खडकापाशी तुम्ही नुसतं जाऊन उभं राहायचं. त्यांना तुम्ही दिसायला हवं."

"बस, एवढंच?"

"आणि नकाशावर तिथं दिसता कामा नये. पेटीचं आम्ही बघू."

त्या दिवसापासून पेटीचा ताबा कचेरीतल्या यंत्राकडे गेला. मी खडकाकडे निघाले की माझा ठिपका गावासमोरच मासे पकडत हिंडायचा आणि चार दिवसांनी शहाण्यासारखा बंदरात यायचा. ह्यातले काही कुणाला सांगणार नाही, अशा कागदावर बाओशानने सही केली. घरी मात्र कुणालाच काही माहीत नव्हते.

त्याच सुमारास शहरातून चित्रपटवाले आले. आमच्यासारख्या गरीब कोळ्यांना परके कसे छळतात, ते परदेशातल्या लोकांना दाखवायचे होते. त्यासाठी धक्क्यावरची जाळी दुपारपुरती परत आणली आणि बाजारातले मासे त्यांत भरले. हाययुंग एक मासा उचलून म्हणाला, "दादा, हा बर्फातला आहे. ह्याला सर्दी झालीय." कॅमेरा धरणारी बाईसुद्धा हसली. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"हिचे डोळे असे खाली का? बापुडवाणी दिसते. समोर बघू द्या तिला, जरा करारी."

बाओशान म्हणाला, "बाई, मासेमारीची बोट खालीच बघते."

"पण काका, तुम्ही आता कुठं मासे पकडताय?"

रंगाऱ्याने माझी जुनी बुबुळे पुसली आणि नवी समोर काढली. तेव्हापासून मला नुसते क्षितिज दिसू लागले. पाण्यात काय चालले आहे ते दिसेना. खडकापाशी आम्ही बोटी एकमेकींना दोरांनी बांधून रांगेत उभ्या राहायचो. मासे पोटाखालून जायचे, आणि मला पत्ता नसायचा.

एका दुपारी तिथे अचानक मोठ्या लाटा उठल्या. बोटी एकमेकींवर आपटू लागल्या. हाययुंग दोर सोडवायला धावला. "वहिनी, जरा धीर धरा!" असे ओरडला तो. दोर तुटला, त्याचा फटका त्याला बसला, आणि तो माझ्या तोंडाखाली पाण्यात पडला.

मी समोर पाहत होते, मित्रांनो. तो माझ्या तोंडाखाली होता आणि मी समोर पाहत होते.

बाओशानने पेटीवरचे लाल बटण दाबले. ते दाबले की जवळची बचावनौका धावून येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण पेटी तर दुसऱ्याच्या तोंडाने बोलत होती. तिने बंदरासमोरची जागा सांगितली. बाओशानने रेडिओवर टाहो फोडला.

"साहेब, माझा भाऊ पडलाय! आम्ही खडकापाशी आहोत!"

थोडा वेळ खरखर झाली. मग लुओ साहेबांचा आवाज आला. "काका, तुमची बोट बंदरात आहे."

"मी बंदरात नाही! तुम्हीच तर पाठवलंत!"

"नकाशावर तुम्ही बंदरात आहात, काका. बंदरातल्या बोटीवरचा माणूस तिकडं कसा बुडेल? मी वर काय सांगू?"

शेजारच्या बोटींनी अंधार पडेपर्यंत शोधले. हाययुंग सापडला नाही.

त्याच दुपारी इकडे गावात काय झाले, ते सूछिंगनेच पुढे माझ्यावर बसून बाओशानला सांगितले. तिच्या फोनमध्ये माझा ठिपका दीपगृहाशी आला होता. तिने आधण ठेवले. शेवया झाल्या, अंडी सोलून झाली, पण नवरा येईना. म्हणून ती धक्क्यावर आली. माझी जागा रिकामी होती, आणि समोरच्या पाण्यात बचावनौका नुसती गोल गोल फिरत होती.

"मी म्हटलं, कुणाच्या घरचं असेल बिचारं," सूछिंग म्हणाली. "मी हात जोडले, भावोजी. समुद्राच्या माझू देवीला म्हटलं, ज्या कुणाचा असेल त्याला सांभाळ. आणि शेवया गार होतील म्हणून घाईघाईनं घरी गेले."

हाययुंग बंदरासमोर बुडाला, अशी नोंद झाली. बुडालेल्याचा जीव जिथे गेला तिथूनच त्याला हाक मारून घरी आणावे लागते. बांबूला त्याचा सदरा बांधायचा आणि नाव घेऊन बोलवायचे. जीव आला की बांबू जड होतो. न आणलेला जीव परक्या पाण्यात उपाशी भटकत राहतो. गावाने बंदरासमोर हाका मारल्या. सूछिंगचा घसा बसला, पण बांबू हलकाच राहिला.

"ते इथं नाहीत," ती म्हणाली. "भावोजी, कुठं आहेत ते?"

बाओशान बांबूवरचा सदरा सोडू लागला. त्याची सही त्याच्या तोंडावर बसली होती. पुढे कित्येक दिवस ती रोज तेच विचारी आणि तो रोज उठून जाई.

शेवटी एका सकाळी ती रंगाचा डबा घेऊन धक्क्यावर आली. माझ्या तोंडाशी होडी लावून तिने ती करारी बुबुळे पुसून टाकली.

बाओशान धावत आला. "अगं, काय करतेस हे?"

"तुम्ही सांगत नाही ना? राहू द्या. जाऊबाई तिथं होत्या. त्या शोधतील." तिने कुंचला बुडवला आणि माझी बुबुळे पुन्हा खाली काढली. होडी हलत होती, त्यामुळे एक डोळा जरा वाकडा झाला.

बाओशान धक्क्यावरच बसला आणि हमसून हमसून रडला. एवढा मोठा माणूस, पण रडताना अगदी धाकटा दिसला. मग तोंड पुसून त्याने फोन काढला, नकाशा पाहिला आणि म्हणाला, "हाययुंगच्या बुडण्याची चौकशी संपेपर्यंत आपला ठिपका बंदरातच ठेवलाय त्यांनी. नकाशावर आपण धक्क्यालाच आहोत. धक्क्याला बांधलेल्या बोटीला कोण अडवणार? चढ, सूछिंग."

आम्ही गेलो. कुणीही हटकले नाही. खडकापाशी पहाटेचे धुके होते. सूछिंगने सदरा बांधलेला बांबू पाण्यावर धरला आणि हाक मारली, "घरी चला! जाऊबाई घ्यायला आल्यात!" मी खाली पाहत होते, वाकड्या डोळ्यानेसुद्धा नीट पाहत होते. बांबू वाकला. ती दोन्ही हातांनी ओढू लागली तरी उचलेना. तेव्हा बाओशानने हात लावला. निघालो तेव्हा माझ्यावर दोघे होते. परतताना शिडीवर तिसऱ्याची पावले वाजली आणि इंजिनाची कुरकुर एकदम थांबली. सूछिंगने माझ्यावरच्या चुलीवर शेवया केल्या आणि वाटी इंजिनाशी ठेवली. तिच्यातून वाफ निघत होती.

आम्ही परतेपर्यंत माझी जागा रिकामी आहे हे कुणीतरी नुसत्या डोळ्यांनी पाहिले होते. बाओशानचा परवाना गेला. तो आता दुसऱ्यांची जाळी शिवतो. मला इथे आणून टाकले. पण माझा ठिपका त्यांनी बंद केला नाही. तो अजून त्यांच्या कामाला येतो, नकाशावर मासे पकडत हिंडतो. सूछिंग कधी कधी येते, फोन माझ्या तोंडासमोर धरते आणि म्हणते, "बघा जाऊबाई, आज तुम्ही किती लांब गेलात."

गावातल्या दुसऱ्या बोटी अजून खडकाकडे जातात. त्यांचे ठिपके रोज बंदरात येतात. पण आता ठिपका पाहून कुणी आधण ठेवत नाही. बायका आधी धक्क्यावर येतात आणि पाण्याकडे पाहत उभ्या राहतात.

मित्रांनो, लवकरच मला तोडायला माणसे येतील, कदाचित तुम्हीच. माझे लाकूड खुशाल न्या, पत्रे न्या. फक्त हाययुंग घरी पोचला आहे आणि ह्या शिडीवर अधूनमधून येतो, तेवढे लक्षात ठेवून पाऊल जपून टाका. आणि पुढे कधी मासेमारीच्या बोटीला डोळे काढायची वेळ तुमच्यावर आली, तर कुणीही काहीही सांगो, ते खालीच काढा. तिथे आपलेच कुणीतरी असते.