खांब नावाचा भिडू

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझी मुलगी तर नाहीच नाही. ती आईवर गेली आहे, बुटकी आणि संशयी. मी तिचा बाप आहे हेसुद्धा लहानपणी तिने आईला विचारून खात्री करून घेतलं होतं.

तरी सांगतोच. या वयात मी डोंगरातल्या पाच दिवसांच्या सायकल शर्यतीला निघालो आहे, आणि माझा भिडू इतका उंच आहे की पाऊस आधी त्याच्यावर पडतो. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर उघडीप झालेली असते. त्याला मी खांब म्हणतो.

ही शर्यत जोडीनेच करायची असते. एकट्याला प्रवेश नाही. शिवाय दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की जोडी बाद. एक जण दरीत गेला तर ते सांगायला दुसरा जवळ हवा, म्हणून हा नियम. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, भिडू असेल तर खुशाल जा. नसेल तर सायकल विकून टाका. मी येऊन स्वतः बघणार आहे." म्हणजे खांब नसेल तर शर्यत नाही, आणि शर्यत नसेल तर मी आणि या दोन खोल्या, समोरासमोर.

मग काय, लागलो तयारीला. बाहेरच्या खोलीत सायकल स्टँडवर चढवली. चाक जागच्या जागी फिरतं, आपण भिंतीकडे तोंड करून पॅडल मारत बसायचं. पहिल्या दिवशी चाकाचा वारा असा सुटला की समोरच्या कॅलेंडरची पानं फडाफडा उलटली, मी उतरलो तेव्हा डिसेंबर लागला होता. खालचे भाडेकरू तक्रार घेऊन वर आले. दाराची बेल इतक्या महिन्यांनी वाजली की मी फोन उचलून "हॅलो" म्हणालो. त्यांना आवाज कमी हवा होता. मी म्हटलं, आत तर या, चहा टाकतो. नाही आले.

मग डोंगर धरला. शहर संपतं तिथे जुन्या खाणीमागून एक पायवाट वर जाते. तिच्यावरचं एक वळण इतकं घट्ट आहे की वळताना मला पुढे लाल दिवा दिसला. कोणीतरी चाललंय! हुरूप आला. हाकांवर हाका मारल्या. जवळ जाऊन बघतो तर तो माझ्याच सायकलचा मागचा दिवा. आणि मी असा आडमुठा की स्वतःच्या हाकेलाही ओ दिली नाही.

शनिवारी मुलगी आली. बूट काढायच्या आधीच म्हणाली, "कुठे आहे तो?"

"खांब? आत्ता गेला बघ. दोन मिनिटांनी चुकामूक झाली."

"आणि सायकल इथेच टाकून?" भिंतीला दुसरी सायकल टेकवून ठेवली होती, माझ्या सायकलीशेजारी.

"चालत गेला गं. चार ढांगांत घर येतं त्याचं. सायकल म्हणजे त्याला उगाच वळसा."

ती हसली नाही, पण बसली. चहा दोन कपांत ओतला. एक कप कपाटाच्या मागून काढावा लागला, धुवावाही लागला. तिने ते पाहिलं असावं.

"चढावर कसा आहे?" तिने विचारलं.

"चढावर विचारूच नकोस. मी निम्म्यात धापा टाकतोय तोवर हा वर जाऊन, एक डुलकी काढून उठलेला असतो. मग वर बसून मला खडे मारतो."

"खडे?"

"बारीक गं. नेम अगदीच वाईट आहे."

ती कपात बघत राहिली. "आणि तुम्ही काय करता?"

"मी वर पोचलो की थांबतो. घड्याळ लावून दोन मिनिटं. सवय हवी ना नियमाची. वाटेकडे बघत उभं राहायचं."

"कुठल्या वाटेकडे?"

"खालच्या. आलो त्या."

"पण तो तर आधीच वर असतो ना?"

मी चहाचा मोठा घोट घेतला. कप मघाशीच रिकामा झाला होता. "उतारावर मागे पडतो तो. उंचीमुळे वारा लागतो फार."

"बाबा, तुम्ही वर थांबता म्हणालात. उतार अजून यायचाय."

"तू जेवणार आहेस ना? भात लावू?"

ती उठली. कोपऱ्यात माझी बांधाबांध होती: सगळं जोडीने. दोन हेल्मेट, दोन रेनकोट, पाण्याच्या दोन बाटल्या. एक हेल्मेट तिने उचललं, पट्टा हनुवटीखाली लावून बघितला आणि दुसऱ्या सायकलीजवळ गेली. शेजारी ताठ उभी राहिली. सीट तिच्या कमरेच्या हाडाला लागली. लहानपणी नवी सायकल आली की मी तिला असंच उभं करायचो आणि मगच सीटचा नट आवळायचो.

"अगं, ती त्याची आहे," मी म्हणालो. "तो ना, बसताना जरा आखडून बसतो. पाय दुमडून. तशी पद्धतच आहे त्याची."

भिंतीला हात टेकून ती चढून बसली. दोन्ही पाय बरोबर पॅडलवर पोचले. तिने एक पॅडल मागे फिरवलं, चेन टकटक वाजली.

"थापाडे आहात बाबा तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. "खांब-बिंब कोणी नाहीच. लहानपणी चढावर तुमच्या पुढे जाऊन खडे मी मारायचे. आणि ही सीट माझ्या मापाची लावलीय."