जांभळी पाण्याला अडली

जांभळी ही घोडी होती शालूची. टेंभुर्णीच्या शेतातल्या गोठ्यात तिच्या डोळ्यांसमोर ती जन्मली, आणि अंगावरचा काळपट तांबूस रंग पाहून शालूनेच तिला नाव ठेवलं. पुढं तिला खोगिराची सवय लावली तीही शालूनेच. बांधावर बाभळीची खोडं आडवी टाकून, पाटाच्या पाण्यातून चालवून, तीन वर्षं खपून तिने त्या घोडीला इव्हेंटिंगच्या स्पर्धेसाठी तयार केलं होतं.

अक्षता तिची कॉलेजातली मैत्रीण. एनसीसीत दोघी घोड्यावर बसायला शिकल्या होत्या. आता अक्षता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि दर शनिवारी स्कूटी घेऊन टेंभुर्णीला यायची. हिवाळ्यातल्या स्पर्धेला शालूच उतरणार होती. पण दिवाळीच्या सुमारास तिला दिवस गेल्याचं कळलं, आणि ती अक्षताला म्हणाली, "मंग तू जा. तुला बराबर वळखते ती. माझ्या जागी तू असली तर मला घोर न्हाई."

स्पर्धा संभाजीनगरच्या पलीकडे एका रायडिंग क्लबवर होती. हौशी स्वारांचीच, पण पुण्या-मुंबईची माणसं उंच, चकचकीत घोडी घेऊन आली होती. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला एकाच स्वाराबरोबर तीन परीक्षा द्याव्या लागतात. आधी मैदानात शिस्तीच्या चाली, मग माळरानावर ओंडके, चर आणि पाणी ओलांडत धाव, आणि शेवटी रंगीत दांड्यांवरच्या उड्या. अक्षताबरोबर तिचे वडील तातेराव आले होते. ते निवृत्त शिक्षक. घोड्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण लेकीचा डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत ते दिवसभर उन्हात उभे राहिले.

पहिल्या दिवशी जांभळी छान चालली. संध्याकाळी तबेल्याजवळ अक्षता तिला खरारा करत असताना पुण्याचा एक स्वार तिथून जाता जाता थांबला. जांभळीच्या आत वळलेल्या कानांकडं बघून हसत म्हणाला, "वरातीतली आहे का ही?"

त्यात काही फार वाईट हेतू नव्हता. पण अक्षता त्याच्याबरोबर हसली. "तशीच समजा," असंही म्हणाली. तो गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला, आणि रात्रभर तो राग हळूहळू त्या माणसाकडं, त्याच्या घोड्याकडं, सगळ्या मैदानाकडं वळत गेला. उद्या ह्यांना दाखवते, असं मनाशी म्हणत ती झोपली.

दुसऱ्या दिवशी ओंडके झाले, चर झाला. जांभळी कान टवकारून धावत होती आणि अक्षताला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय. मग पाणी आलं. खड्डा खणून त्यात निळं प्लास्टिक अंथरलं होतं. पाटाचं गढूळ पाणी पाहिलेल्या जांभळीने असलं निळं, झगझगतं पाणी कधी बघितलंच नव्हतं. ती काठावर जागीच थांबली. अक्षताने तिला फिरवून पुन्हा आणलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही ती काठावर येऊन पाय रोवून उभी राहिली, आणि शिट्टी वाजली. तीनदा अडलं की फेरी बाद, हा नियम.

तिथं सगळं संपलं होतं. लगाम सैल सोडून परत फिरायचं, एवढंच उरलं होतं. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडं तो पुण्याचा स्वार उभा असलेला अक्षताला दिसला, आणि तिने चाबूक उचलला. आधी मागच्या पुठ्ठ्यावर मारला, मग मानेवर, मग कानाजवळ. जांभळी उधळली नाही, तिने पाठही उडवली नाही. ती नुसती थरथरत उभी राहिली आणि मार खात राहिली. अक्षताचा हात थांबला तो झेंडा घेऊन उभ्या असलेल्या बाई जवळ येऊन "मॅडम, बास करा" म्हणाल्या तेव्हा. त्या ओरडल्या नव्हत्या.

पुण्याचा स्वार खाली बघत होता. आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर, हातात डबा धरून, तातेराव उभे होते.

पंचांनी बोलावून घेतलं. पुन्हा असं दिसलं तर बंदी घालू, असं बजावलं. अक्षताने मान खाली घालून ऐकलं. परतताना घोडी टेम्पोत मागं होती, बापलेक पुढं ड्रायव्हरशेजारी. बदनापूरच्या अलीकडं शालूचा फोन आला.

"पाण्याला अडली गं," अक्षता म्हणाली. "निळं प्लास्टिक होतं खाली. आणि तिचं आज लक्षच नव्हतं."

मग शालू म्हणाली, "माझीच चूक झाली. मी तिला नुसतं पाटाचंच पाणी दावलं. तुझी सगळी मेहनत माझ्यामुळं वाया गेली बघ. तू काही मनाला लावून घेऊ नको."

अक्षता "न्हाई गं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. तातेरावांनी मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"ती तुझी माफी मागत होती?"

"हो."

तातेरावांनी खिडकीबाहेर तोंड केलं ते जालना येईपर्यंत. तिथं ते उतरले आणि अक्षता एकटीच घोडीबरोबर पुढं गेली. टेंभुर्णीत पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. "पाठ दुखते" म्हणून शालू बाहेर आली नाही, आणि अक्षताला त्याचं बरंच वाटलं. घोडी बांधून ती तशीच माघारी फिरली. घरी आई, कौसल्याबाई, ताट वाढून बसली होती. "हरली तर हरली, जेव," म्हणाली. अक्षताने ताट बाजूला सारलं.

पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा शेतात वेगळंच चाललं होतं. शालूच्या नवऱ्याने, वसंताने, विहिरीजवळ खड्डा खणून त्यात निळी ताडपत्री अंथरली होती आणि मोटारीचं पाणी सोडलं होतं. शालू सलवार गुडघ्यापर्यंत वर करून त्या पाण्यात उभी होती, पोट सांभाळत, हातात जांभळीची दोरी.

"बघ की," ती लांबूनच म्हणाली. "आठवडाभर हेच करून राह्यले. आता बिलकुल भीत न्हाई."

आणि खरंच, जांभळी पाणी हुंगत, फुरफुरत तिच्यामागं पाण्यात उतरली. शालूच्या तोंडावर असा आनंद होता की अक्षताला तिच्याकडं बघवेना.

"ये, तू धर आता," शालू म्हणाली.

अक्षता काठावरून खाली आली आणि दोरी घ्यायला तिने हात वर केला. जांभळीने मान झटकली, मागं उसळली. दोरीला हिसका बसला, शालूचा पाय ताडपत्रीवरून सटकला आणि ती गुडघ्यावर पाण्यात पडली. वसंता धावला. दोघांनी मिळून तिला उठवलं, बाजेवर बसवलं. पोटाला काही लागलं नव्हतं. पण तिचा हात दोरीने सोलला होता, आणि ती आपल्या हाताकडं नाही, घोडीकडं बघत होती. जांभळी खड्ड्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती.

"तिला कुणी मारलं?" शालूने विचारलं.

"मी," अक्षता म्हणाली. "फेरी बाद झाल्यावर मारलं. सगळ्यांसमोर. कानाजवळ पण मारलं. तुला खोटं सांगितलं मी."

वसंताने मान वळवली. शालूने सोललेला हात ओढणीत गुंडाळला. मग म्हणाली, "मी आठ दिवस त्या पाण्याला दोष देऊन राह्यले. ह्यांना खड्डा खणायला लावला." तिचा आवाज चढला नव्हता. "दोरीला हात लावू नको. हे बांधतील तिला. तू जा आता."

अक्षता गेली. स्कूटी चालवताना तिला रडू आलं नाही. रडायचाही आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं. घरी येऊन तिने वडिलांना सगळं सांगितलं. तातेराव म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पण सांगितल्यानं मारलेलं पुसत नसतं, हे ध्यानात ठेव."

शनिवार मोकळे जाऊ लागले. शालूला मुलगी झाली, हेही अक्षताला दुसऱ्याच मैत्रिणीकडून कळलं. पावसाळा निम्मा सरला तेव्हा एकदा शालूचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "जांभळीला फिरवायला माणूस न्हाई. मला अजून बसायची परवानगी न्हाई, ह्यांना ती आवरत न्हाई. येशील? पाठीवर बसायचं न्हाई. नुसतं लांब दोरीवर चालवायचं."

"येते," अक्षता म्हणाली.

आता ती दर शनिवारी जाते. जांभळी दोरीच्या दुसऱ्या टोकाला चालते आणि अक्षता हात खाली सोडून. कधी हात उचलावा लागला तर आधी बोलते, मग सावकाश उचलते. घोडीची मान अजून वर जाते, पण पूर्वीसारखी झटकत नाही. शालू ओसरीवर लेकीला घेऊन बसलेली असते. चारा, नाल, जंताचं औषध एवढंच बोलते. चहा मात्र न विचारता पुढं करते.

परवा जांभळी अक्षताजवळ येऊन थांबली, तिच्या ओंजळीतला हरभरा हुंगून न खाताच परत गेली. अक्षताने तो तिथंच गवतावर ठेवला आणि दहा पावलं मागं जाऊन उभी राहिली.