लॅपटॉपला ऊन

हट्टा गावच्या तातेरावांनी नांदेडच्या भंगारातून नव्वदच्या दशकातले जाडजूड लॅपटॉप जमवले होते. त्यातला एकच चालू होता. रोज सकाळी ते तो सुरू करून बघत.

२००८ च्या मे महिन्यात ते एका लग्नाला गेले. मागे त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, तूरडाळीबरोबर सगळे लॅपटॉपही उघडून गच्चीवर उन्हात मांडले. संध्याकाळी तातेराव परतले.

“हे काहून मांडले इथं?”

“दमट वास येऊन राहिला होता. माझ्या सवती असल्या तरी घरातल्याच की!”

तातेरावांनी चालू लॅपटॉपचं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पण उन्हाने करपलेला पडदा काळाच राहिला.

“झाला ना बराबर?”

“व्हय,” ते म्हणाले आणि डाळीच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.