मी दिवा नाही, पुरणाची चाळण आहे

मित्रांनो, नाव नंतर सांगते, आधी माझी तक्रार ऐका. नाव काही पळून जात नाही. आमच्या पद्मजाने माझे दोन्ही कान साखळ्यांनी बांधले, मला जेवणाच्या टेबलावर लोंबकळत ठेवलं आणि माझ्या पोटात दिवा सोडला. दिवा! ज्या पोटातून सगळ्या घरादाराचं पुरण उतरलं, त्या पोटात बल्ब! आल्यागेल्याला वर बोट करून सांगते काय, तर "अँटिक पीस आहे, इंडियाहून आणलाय." पीस म्हणे. तुझ्या आजेसासूला कुणी पीस म्हटलं असतं तर चाललं असतं का गं?

तर आता नाव. मी एक जुनी पितळी पुरणाची चाळण आहे. शाळेत मी गेलेले नाही. माझ्या कडेवर अक्षरं कोरलेली आहेत, ती मला वाचता येत नाहीत. पण येईल तो बोट फिरवून मोठ्याने वाचतो, म्हणून पाठ झालीत : 'चि. सौ. लीलावतीस, आत्याकडून.' एवढंच माझं शिक्षण. बाकी सगळं मी पोटातून शिकले.

कऱ्हाडच्या बाजारात दामोदर तांबटाच्या हाताखाली माझा जन्म झाला. त्याने मला ठोकून गोल केलं आणि मग एकेक भोक पाडत बसला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण भोकं पडली नसती तर मी परात झाले असते. परातीचा काय जन्म? कुणीही येतं आणि कणीक तिंबून जातं. चाळणीचं तसं नाही. चाळणीसाठी सण यावा लागतो.

लीलावतीबाईंबरोबर मी मिरजेला आले. होळी आली की आधी माझी आठवण निघायची. डाळ शिजून, गूळ विरघळून, पुरण असं चटका बसेल इतकं गरम माझ्यात यायचं आणि लीलावतीबाई स्टीलच्या वाटीने ते घासायच्या. गरम असतानाच घासायचं, निवलं की ते दगड होतं. खाली मऊ रेशमासारखं पुरण उतरायचं. वेलदोड्याचा वास शेजारपर्यंत जायचा आणि शेजारीण मला मागायला दारात उभी. जायचे मीही. पण परत येताना कधी रिकामी आले नाही, पोटात दोन पोळ्या घेऊनच आले. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, एवढी रीत तेव्हा पोराटोरांनाही माहीत होती.

पुढे लीलावतीबाईंचा यशोधन नोकरीसाठी रॉटरडॅमला आला. त्याच्या बायकोच्या, म्हणजे ह्या पद्मजाच्या, बॅगेत सासूने मला स्वतःच्या हाताने घातलं. माझ्यामुळे बॅगेचं वजन जास्त भरलं तर पद्मजाने तिच्या पुस्तकांतलं एक काढून ठेवलं, मला नाही. हे मी तिच्या बाजूने सांगते, कारण खरं ते खरं. पण इथे आल्यावर काय? पुरणपोळ्या दुकानात गोठवलेल्या मिळतात. मी गेले कपाटाच्या वरच्या फळीवर. शेजारी मोदकपात्र. ते वर्षातून एकदा गणपतीला खाली उतरायचं आणि मग पुढचे कितीतरी महिने मला तेच सांगत बसायचं. देव कुणाला असला शेजार न देवो.

मग एकदा पद्मजाने फोनवर कसलंसं चित्र पाहिलं आणि माझा दिवा झाला. सगळे वाहवा करू लागले. माझ्या भोकांतून उजेडाचे ठिपके ताटात पडायचे. लोक त्या ठिपक्यांचे फोटो काढायचे. मित्रांनो, कौतुक वाईट नसतं. पण कौतुक होत असताना पोट रिकामं असेल तर ते कौतुक अंगाला लागत नाही. मला एकच हवं होतं. एकदा, अजून एकदाच का होईना, गरम काहीतरी पोटात यावं आणि वर वाटी फिरावी.

लीलावतीबाईंचा मिरजेहून फोन यायचा तेव्हा पद्मजा मोबाइल असा तिरका धरायची की मी काही केल्या दिसू नये. म्हणजे मनात चोर होताच!

एवढ्यावर भागलं असतं तरी सोसलं असतं. पण घरात नवा सोफा आला, काळा. आणि पद्मजा टेबलापाशी उभी राहून, मान कलती करून म्हणाली, "यशो, हे पिवळं पिवळं आता सोफ्याबरोबर जात नाही रे. मॅट ब्लॅक केलं तर?"

यशोधन म्हणाला, "करू की. स्प्रेचा डबा मिळतो."

करू की! अरे, तुझ्या आईच्या आत्याने कोरून घेतलेलं नाव आहे रे माझ्यावर! एकदा तो रंग अंगावर बसला की माझ्यात कुणी जेवणाचा घास घालणार नाही, जन्मात नाही. मी साखळीत जोरजोरात हलले. पद्मजा म्हणाली, "खिडकी लाव गं स्वानंदी, वारा येतोय."

स्वानंदी त्यांची मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डच नाहीतर इंग्लिश. पोर गुणी आहे, फक्त वरणात साल दिसलं की तोंड फिरवते.

शनिवारी यशोधनने मला साखळीतून सोडवलं आणि बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून त्यावर पालथं ठेवलं. समोर मास नदी, पलीकडे बंदराच्या उंच क्रेन, आणि वारा असा की कागद टिकेना. यशोधन डबा हातात घेऊन वारा पडायची वाट बघत उभा. आणि मी प्रार्थना करत पडलेले, बाबा वाऱ्या, तू दमू नकोस.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या नोरिकोबाई आल्या होत्या. जपानच्या, वयाने पद्मजाच्या आईएवढ्या. बोलणं असं हळू, जणू कुणी झोपलंय घरात. हातात डबा होता. मागे पद्मजाने त्यांची सायकल दुरुस्त करून आणायला मदत केली होती, त्याचे आभार.

डब्यात तपकिरी, गोल, तुकतुकीत, वाफेवर फुगलेले गोळे होते. "मान्जू," त्या म्हणाल्या. बाल्कनीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि काचेतून दिसतही होतं.

स्वानंदीने एक उचलला, संशयाने हुंगला आणि चावा घेतला. आत काळपट, मऊ, गोड सारण. पोरीचे डोळे मोठे झाले. "लेकर!" ती ओरडली. डच लोक चविष्ट लागलं की असं म्हणतात.

पद्मजाने खाल्ला आणि ती खुर्चीत बसलीच. "अगं बाई! यशो, इकडे ये. हे पुरण आहे."

"जपानी पुरण?" यशोधन स्प्रेचा डबा हातात घेऊनच आत आला. खाल्लं. "पुरणच की! कशाचं आहे?"

"अझुकी," नोरिकोबाई म्हणाल्या. "लाल, बारीक दाणे. शिजवायचे, चाळणीतून गाळायचे, मग साखर घालून आटवायचं." दोन्ही हातांनी त्यांनी गाळून दाखवलं. तो हात मी ओळखला. घासायचा हात जगात सगळीकडे सारखाच फिरतो.

स्वानंदीने दुसरा खाल्ला, तिसऱ्याला हात घातला आणि चक्क मराठीत म्हणाली, "अजून पाहिजे. उद्या पण."

नोरिकोबाई हसल्या, पण ते हसू अर्धवट राहिलं. "हे शेवटचे. माझ्या चाळणीची जाळी फाटली. नवी जपानहून येणार, कधी ते माहीत नाही. तोवर सालासकट करावं लागेल."

"साल?" स्वानंदीचा चेहरा पडला.

इकडे वारा पडला, मित्रांनो. अगदी नको त्या क्षणी पडला. यशोधनच्या ते लक्षात आलं. मान्जूचा उरलेला घास तोंडात टाकून तो बाल्कनीत आला आणि डबा हलवू लागला. आतली गोळी खडखड वाजू लागली. मी डोळे मिटले. मला डोळे नाहीत, पण मिटले.

"नो! नो, नो, नो!"

एवढ्या मोठ्याने कोण ओरडलं म्हणून मी बघते तर नोरिकोबाई! ज्या बाई पाय वाजू नये म्हणून मोज्यांवर चालतात, त्या खुर्ची मागे पाडून बाल्कनीत धावल्या आणि त्यांनी यशोधनचं मनगट धरलं. त्याच्या बोटावर थोडा काळा फवारा उडाला, माझ्यावर नाही. मग त्या स्वतःच घाबरल्या आणि कमरेत वाकून वाकून माफी मागू लागल्या.

"ही चाळण आहे," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यांदा आले तेव्हापासून बघतेय. पण कुणाच्या घरच्या दिव्याला चाळण कसं म्हणायचं?"

पद्मजाने मला उचललं, उलटं-सुलटं केलं, माझ्या कडेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता म्हणते की नको, सोफ्याला शोभत नाही. ती म्हणाली, "स्वानंदी, चिंच आण गं. फ्रिजच्या दारात आहे."

हाय! किती वर्षांनी माझ्या अंगाला चिंच लागली. बल्बच्या धगीचे डाग, धूळ, काळेपणा सगळा गेला. मी अशी लखलखले की तो काळा सोफा नुसता बघत राहिला.

यशोधनला सायकलवर टोकोत पिटाळलं. टोको म्हणजे इथलं आशियाई किराणा दुकान. अझुकी आली आणि दुपार दोघींनी स्वयंपाकघरात घालवली. सगळं उलटंच बरं का तिकडे! आपण आधी गूळ घालून शिजवतो, मग गाळतो. नोरिकोबाई आधी गाळतात, मग गोड करतात. ते मी सोडून दिलं. पण पहिली उकळी आल्यावर त्या पातेलं घेऊन सिंककडे निघाल्या. म्हणजे कट ओतून देणार! पद्मजाने झडप घालून खाली दुसरं पातेलं धरलं. "अहो, ह्याची आमटी होते!" शाब्बास, म्हटलं, पोरगी अगदीच वाया गेलेली नाही.

मग तिचा हात जायफळाकडे गेला. नोरिकोबाईंनी ते हुंगलं आणि सटासट शिंका दिल्या. जायफळ परत डब्यात गेलं.

आणि मग, मित्रांनो, शिजलेले, वाफाळते दाणे माझ्यात पडले. पद्मजाने स्टीलची वाटी घेतली. नोरिकोबाई वरून पाणी सोडत होत्या, पद्मजा घासत होती. माझी भोकं त्यांच्या जाळीपेक्षा मोठी, म्हणून दोनदा गाळावं लागलं. दोनदा! मला तर दहादा चाललं असतं. सालं माझ्यात राहिली, खाली रेशीम उतरलं. ते फडक्यात पिळलं, साखर घालून आटवलं, चिमूटभर मीठ पडलं. पिठाच्या पारीत सारण भरायची वेळ आली तेव्हा पद्मजाच्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. वाफवायला मात्र मोदकपात्र काढलं. असो. आनंदाच्या दिवशी मी कुणाशी भांडत नाही.

झाकण उघडलं तेव्हा काचा वाफेने धुरकट झाल्या होत्या. यशोधनने उभ्याउभ्या खाल्ले, एक काळं बोट वर ठेवून. स्वानंदी डोळे मिटून चावत होती. नोरिकोबाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही, मग म्हणाल्या, "माझ्या आईच्यापेक्षा थोडं रवाळ आहे." आणि लगेच दुसरा घेतला.

पद्मजाने मला पुसून टेबलावर ठेवलं, माझ्यात मान्जू रचले आणि मिरजेला फोन लावला. ह्या वेळी मोबाइल सरळ धरला.

"अगं, ही माझी चाळण!" लीलावतीबाई म्हणाल्या. "मला वाटलं टाकलीस की काय. आणि त्यात काळं काळं काय ते?"

"पुरण आहे, आई. जपानी."

"दाखवतेस कसली? पाठव."

रात्री त्या कटाची आमटी झाली. पहिल्या भुरक्यालाच तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुरट, तोंड आखडेल अशी. त्यात माझा काही दोष नाही, दाणे परके होते. टेबलावर आता साधा कागदी दिवा आहे आणि माझ्यासाठी शेगडीजवळ खिळा ठोकलाय.

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे तरी अशी एखादी म्हातारी फळीवर पडली असेल. तिला घासून-पुसून शोभेला मांडा असं मी म्हणत नाही. ती कशासाठी जन्मली ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तेवढं एकदा तिच्याकडून करून घ्या. आम्हाला कौतुक नंतर चालतं, काम आधी लागतं.

नोरिकोबाईंची जाळी येईपर्यंत मी खालच्या मजल्यावर जाऊन येऊन असणार आहे. निघायच्या आधी पद्मजाने मला सिंकच्या कडेवर आपटलं, भोकांत अडकलेलं शेवटचं साल निघावं म्हणून. आम्हा पितळेच्या बायकांना आपटल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून मी ती संधी सोडली नाही. सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशी खणखणीत वाजले :

"पद्मजे, अक्कल उशिरा आली, पण हात चांगला आहे तुझा! आता मला खाली पाठवतेस ना? मग रिकामी पाठवू नकोस, पोटात दोन पोळ्या घाल. आणि पुन्हा कानाला साखळी लावलीस, तर बघ माझ्याशी गाठ आहे!"