यादीतली शेवटची चार नावे

मित्रांनो, मी डोळ्याच्या आतला पडदा मोजणारा एक जुना कॅमेरा आहे. कॅनडातल्या सस्काटून शहराच्या एका दवाखान्यात, झाडू-बादल्यांच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर 'भंगार' अशी चिठ्ठी आहे, खाली तारीखही आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात माणसाचे शरीर स्वतःच्याच नसांवर उलटते. आमच्या या गव्हाच्या मुलुखात हे दुखणे फार. नसांची झीज डोळ्याच्या पडद्यातही दिसते. तो किती पातळ झाला हे मोजणे माझे काम. बारा वर्षे मी ते इमानाने केले. माणसे हनुवटी टेकवत, आणि माझी तंत्रज्ञ नॉर्मा सांगे, "हिरव्या फुलीकडे बघा. पापणी लववू नका." हजारो माणसे माझ्यासमोर बसली, पण सगळ्यांनी बघितले ते फुलीकडे. मला कोणीच बघितले नाही. त्याचे मला वाईट वाटायचे.

डॅरिया ह्रिनचुक तेवढी वेगळी. ती शाळेची बस चालवते. एकदा या आजाराने तिचा उजवा डोळा महिनाभर अंधुक झाला होता. तेव्हापासून ती दर नोव्हेंबरात यायची, हातमोजे माझ्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "काय म्हाताऱ्या, अजून दिसतं ना तुला?"

मग नवा कॅमेरा आला. त्याला पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे जाळेही दिसते. मला ते जमत नाही, कबूल. मला या खोलीत ढकलले. दहा महिने दार उघडले ते फक्त बादलीसाठी.

या नोव्हेंबरात भिंतीपलीकडून डॅरियाचा आवाज आला. गेल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचे माझे माप होते एक्क्याऐंशी. नव्या कॅमेऱ्याने सांगितले पंच्याहत्तर, म्हणजे पडदा आणखी पातळ.

"आजार आतल्या आत वाढलेला दिसतोय," डॉक्टर फेहर म्हणाले. "खात्री होईपर्यंत बस बंद ठेवा, डॅरिया."

"आणि घरी बसून काय करू, बर्फ मोजू?" डॅरिया उसळून म्हणाली. "अहो, मला होतं तेवढंच दिसतंय!"

"डॉक्टर, दोन कॅमेऱ्यांची मापं कधी जुळतात का?" नॉर्मा म्हणाली. "याच्यातून त्याचं वजा कसलं करताय? थांबा, म्हाताऱ्याला बाहेर काढते."

"तो सुरू तरी होईल का?"

"या थंडीत तुमच्या गाडीच्या आधी होईल!"

मला बाहेर आणून वायर लावली. मी फार घाबरलो होतो. माझे चुकले असते तर तिची बस गेली असती. डॅरियाने हातमोजे माझ्या डोक्यावर ठेवले, पण नेहमीचा प्रश्न न विचारताच हनुवटी टेकवली. डोळ्यात पाणी होते, म्हणून पहिला फोटो फसला. नॉर्माने रुमाल दिला आणि पुन्हा बटण दाबले.

एक्क्याऐंशी!

"सोमवारी पोरांना आणायला जा," डॉक्टर ओशाळून म्हणाले. डॅरियाने नॉर्माला मिठीच मारली. जाताना ती हातमोजे न्यायला विसरली नाही. माझा निरोप घ्यायला मात्र विसरली.

त्या दिवशी डॉक्टरांनी ठरवले की सगळ्या जुन्या रुग्णांना एकदा आम्हा दोघांसमोर बसवायचे, मापांतला फरक लिहून ठेवायचा, आणि मग मला काढायचे. चिठ्ठी तशीच राहिली, फक्त तारीख बदलली. नॉर्माच्या यादीत चाळीस नावे होती. माणूस येतो, माप होते, नाव खोडले जाते. आता चार उरली आहेत. गरज सरो, वैद्य मरो, हे मला कळते. तरीही दार उघडले की मला आनंद होतो.

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुन्याला टाकण्याआधी दोघांना एकदा एकच डोळा दाखवा. आणि त्या चौघांपैकी कोणी तुमच्या ओळखीचे असेल, तर त्यांना सांगा, फुलीकडे बघून झाले की क्षणभर मलाही बघा.