सहदेव ठोंबरे यांच्या देणगीतून

“ठोंबरे सर, आमच्या ऑफिसात तुम्हाला अपवाद म्हणतात,” सोनाली म्हणाली. बाबांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

सोनाली एका संस्थेत काम करते. गावोगावच्या कामांची माहिती इंटरनेटवर टाकायची आणि लोकांनी घरबसल्या देणगी द्यायची, असं त्यांचं चालतं. खालापुराकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात न्हाणीघरं बांधून झाली होती. उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन ती भिसेगावला आमच्या घरी आली होती.

“अपवाद कसा?” मी विचारलं.

“पुरुष शक्यतो एकदाच देतात. मोठी रक्कम, आणि पाटीवर नाव कुठे येईल ते विचारतात. बायका थोडं थोडं देतात, पण थांबत नाहीत. देण्याआधी प्रश्न विचारून आम्हाला भंडावून सोडतात. सर अगदी तसेच देतात, बायकांसारखे. पाणी कोण चढवणार, रात्री दिवा असेल का...” ती हसली. “गेल्या महिन्यात काहीच आलं नाही, मेसेजलाही उत्तर नाही. म्हटलं, प्रत्यक्षच जावं.”

मग तिचं लक्ष भिंतीवर आईच्या फोटोकडे, त्याच्या हाराकडे गेलं आणि तिने हसू आवरलं.

बाबा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. मोबाइलवर फोन घेणं आणि ठेवणं एवढंच त्यांना जमतं. आई जो मोबाइल वापरायची त्याचं सिम त्यांच्या नावावर होतं, बँकेचं खातंही. कुणाचा पाना चुकून पिशवीत आला तर तो परत द्यायला संध्याकाळी पुन्हा शेडवर जाणारा हा माणूस. पण त्या दिवशी ‘तो मी नव्हे’ असं ते म्हणाले नाहीत. आमंत्रण घेतलं आणि चहा ठेवायला उठले.

सोनाली गेल्यावर मागच्या दाराने नफिसाभाभी आणि शेजारची सुनिता आल्या. आई घरी फॉल-पिको करायची, दोघी तिच्या नेहमीच्या.

“आमी साडी-ओढणी आणायचो,” नफिसाभाभी म्हणाल्या, “आणि पिकोच्या पैशावर थोडं वर ठेवायचो. गल्लीतल्या बऱ्याच जणी. विमलताई ते एकत्र करून पाठवायची. कुठल्या कामाला द्यायचं ते मोबाइलवर फोटो दाखवून ठरवायची.”

“आमच्या घरात म्हणतात, पिको लय महाग झालंय गं,” सुनिता म्हणाली, आणि दोघींना हसू आलं. मग लगेच डोळे पुसले.

आईने हे मलाही सांगितलं नव्हतं. ते लागलं. तरी मी म्हणाले, “मी सोनालीला कळवते. पाटीवर बाबांच्या जागी आईचं नाव येऊ दे.”

“नको गं,” सुनिता म्हणाली. “काकीचं नाव आलं की विचारतील, हिच्याकडं एवढं आलं कुठून. मग घरोघर चौकशी. आमच्या ह्यांनी मंडळाच्या कमानीला दिलं तर कोण विचारतंय? मी पोरींच्या न्हाणीला दिलं कळलं तर म्हणतील, तुझी पोरगी हाय का तिथं? मग बंदच सगळं.”

“पण केलं आईने, आणि नाव...”

“पाटी माझ्याच नावाची राहील,” बाबा आतल्या खोलीतून म्हणाले. ते झोपलेत असं आम्हाला वाटत होतं.

उद्घाटनाला त्यांना शाल आणि नारळ दिला. त्यांचं कौतुक करणारी भाषणं झाली. दर वेळी त्यांची मान आणखी खाली जात होती. मी बाजूला बसले होते आणि कुठल्याही क्षणी ते उठून खरं सांगतील अशी मला भीती वाटत होती, आशाही. सोनालीने माईक पुढे केला.

“आमच्या घरातून येत होतं,” ते म्हणाले. “पुढंबी येत राहील.”

शाल त्यांनी खांद्यावर राहू दिली नाही. घडी करून मांडीवर घेतली आणि घरी येईपर्यंत तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

पुढच्याच आठवड्यात दुपारी बायका आल्या. बाबांनी आईचा मोबाइल तिच्या पिकोच्या मशीनवर ठेवला आणि बाहेर ओट्यावर गेले. सुनिताचा नवरा विकास समोरून येत होता.

“काय काका, लोकांच्या पोरींना न्हाणीघरं बांधता, आमाला कधी चहा नाय पाजला.”

“चल, आज पाजतो.”

विकासला दारातल्या चपला दिसल्या. “सुनिता हितंच हाय वाटतं. काकी नाय, मग पिको कोण करतंय?”

“नफिसा. दर वाढवलाय तिनं, आधीच सांगून ठेवतो,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मागे हात करून दार ओढून घेतलं.

आत नफिसाभाभींनी मशीनवर पाय ठेवला. आईचा पाय हलका होता. हा आवाज जड येतो, मध्येच अडखळतो. खिडकीतून मला बाबा दिसत होते. ओट्याच्या पायरीवर ते थबकले. मग विकासच्या खांद्यावर हात ठेवून नाक्याकडे चालू लागले.